बॅगेवर उणे दहा, तरी थंडी का वाजते? सिंथेटिक स्लीपिंग बॅग: निवडण्यापासून धुण्यापर्यंत

डिसेंबर तोंडावर आला की ट्रेकिंगच्या ग्रुपवर हा प्रश्न पडतोच: "हिमालयात केदारकंठाला चाललोय, सिंथेटिक बॅग आहे, वर उणे दहा लिहिलंय, पुरेल ना?" मग उत्तरांचा पाऊस. एकजण सांगतो, बिनधास्त जा. दुसरा म्हणतो, सिंथेटिक घेऊन बर्फात जायचं म्हणजे रात्रभर दात वाजवत बसायचं, डाउनच, म्हणजे पिसं भरलेलीच घे. ते उणे दहा लेबलवरच्या कुठल्या ओळीतलं, खाली मॅट कोणती, रात्री अंगात काय असणार, हे मात्र कोणीच उलटून विचारत नाही.

बॅगेवरचा आकडा अटी घालून दिलेला असतो. अटी पाळल्या तर परवडणाऱ्या सिंथेटिक बॅगेतही शून्याखाली छान झोप लागते, आणि नाही पाळल्या तर महागातली बॅगही रात्रभर कुडकुडवते. थंडीत पहिल्यांदाच तंबूत झोपणार असाल तर त्या अटी काय आहेत ते क्रमाने सांगतो.

आधी मुळातली गोष्ट. स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. ऊब तुमचीच, झोपलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ७० ते ८० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. बॅगेतलं भरण हवा अडवून धरतं, आणि जागची न हलणारी हवा उष्णतेला सहजी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे सगळा खेळ फुगीरपणाचा. भरण दबलं, ओलं झालं किंवा हवेला आतबाहेर करायला फट सापडली, की ऊब गेलीच. पुढच्या सगळ्या सूचना या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

पायरी १: रात्री किती थंडी पडेल त्याचा हिशेब करा

मोबाइलच्या ॲपवर दिसणारं तापमान बहुतेक वेळा जवळच्या गावाचं असतं. तुम्ही झोपणार डोंगरावर. ढोबळ हिशेब असा, की दर हजार मीटर चढल्यावर तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. केदारकंठाचंच घ्या. उत्तरकाशी जिल्ह्यातलं सांकरी हे पायथ्याचं गाव सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि शिखराखालचा बेसकॅम्प ३,४०० मीटरच्या आसपास. फरक जवळपास दीड हजार मीटरचा, म्हणजे साडेनऊ अंशांचा. सांकरीला रात्री १ अंश दाखवत असेल तर बेसकॅम्पला उणे ८-९ धरून चाला.

सह्याद्रीत गणित तेच, आकडे सौम्य. पुणे साधारण ५६० मीटरवर, हरिश्चंद्रगड १,४२४ मीटरवर. पुण्यात पहाटे १२ अंश असेल तर गडावर ६-७.

पण उंचीचा हा हिशेब एका ठिकाणी दगा देतो. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागी साचून राहते. दर हिवाळ्यात पेपरात निफाडचा पारा महाबळेश्वरपेक्षा खाली गेल्याची बातमी असते ना? निफाड सपाटीवर, महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर, आणि तरीही. खुद्द महाबळेश्वरातही बाजारपेठेत बेताची थंडी असते, तेव्हा वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठलेले सापडतात. तळ्याकाठची, ओढ्यालगतची, दरीच्या तळातली जागा फोटोला झकास आणि झोपायला सगळ्यात गार असते, ती याचमुळे. पवनेच्या काठावर रांगेने लागलेले तंबू पाहिले की मला नेहमी वाटतं, यांनी पाण्यापासून थोडं वर, झाडाखाली तंबू ठोकला असता तर एक-दोन अंशांची ऊब फुकटात मिळाली असती आणि सकाळी तंबूवरून दवही निथळलं नसतं. (झाडाची वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, तेवढं बघा.)

आलेल्या आकड्यातून आणखी ५ अंश वजा करा. जो उरेल तो आकडा घेऊन दुकानात जायचं.

पायरी २: लेबलवरचे तीन आकडे वाचायला शिका

युरोपात २००२ मध्ये स्लीपिंग बॅगची ऊब मोजण्याचं ईएन १३५३७ हे मानक आलं. आता त्याच्या जागी आयएसओ २३५३७ आहे. चाचणी साधारण अशी असते: गार केलेल्या खोलीत जमिनीसारखी फळी, फळीवर मॅट, मॅटवर बॅग, आणि बॅगेत आतून तापवलेला माणसाच्या आकाराचा पुतळा. पुतळ्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचे आतले कपडे आणि पायात मोजे. त्याचं अंग गरम ठेवायला किती वीज लागते, त्यावरून बॅग किती ऊब राखते ते काढतात. कंपनी कुठलीही असो, मोजमाप एकच, हा याचा मोठा फायदा.

त्यातून तीन आकडे निघतात. कम्फर्ट म्हणजे सरासरी बाई हातपाय सैल सोडून, थंडी न वाजता झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सरासरी पुरुष अंग आखडून, गुडघे पोटाशी घेऊन आठ तास कसाबसा काढेल ते. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नव्हे. त्या तापमानाला सरासरी बाई सहा तास थंडीने जीव न गमावता तग धरेल, एवढंच तो सांगतो. हिमदंश झाला तर झाला.

एकाच बॅगेवर कम्फर्ट ०, लिमिट उणे ६ आणि एक्स्ट्रीम उणे २३ असे आकडे सहज असू शकतात. आता विकणाऱ्याने पिशवीवर मोठ्या अक्षरात यातला कुठला छापला असेल, याचा अंदाज करा. म्हणूनच "उणे दहा" ऐकलं की मी आधी विचारतो, कुठलं?

तुम्ही बाई असा की बुवा, खरेदी कम्फर्टच्या आकड्यावरच करा. पहिल्यांदा जाणाऱ्याला आपल्याला थंडी किती बाधते याचा अंदाज नसतो, आणि जन्म कोकणात किंवा मुंबईत गेलेल्याला तर नसतोच. कृश अंगाच्या, वयस्क आणि लवकर हातपाय गार पडणाऱ्या मंडळींनी आणखी थोडा खालचा आकडा घ्यावा. लेबलवर मानकाचं नाव नाही आणि नुसताच "उणे १५" असा एकटा आकडा आहे, अशी बॅग दीड हजारात मिळत असेल तर ती उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला घ्या.

पायरी ३: सिंथेटिक की डाउन, एकदाच मिटवून टाका

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची मऊ पिसं. सिंथेटिक म्हणजे पॉलिएस्टरचे बारीक तंतू, कधी आतून पोकळ, कधी एकसलग, कधी तुकड्या-तुकड्यांचे. पिसांची बरोबरी करायचा प्रयत्न जुना आहे. प्रायमालॉफ्ट हे आज जॅकेटांवर दिसणारं नाव १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याला भिजल्यावरही चालेल असा पिसांचा पर्याय हवा होता, त्यातून आलं.

वजनाला डाउन सरस, याबद्दल वादच नाही. कम्फर्ट शून्याच्या आसपासची सिंथेटिक बॅग पावणेदोन-दोन किलोंपर्यंत जाते, तेवढ्याच उबेची डाउन बॅग किलो-सव्वा किलोत बसते. आकाराचंही तेच. सिंथेटिक बॅग दाबून दाबून भरली तरी सॅकचा मोठा कोपरा खाते.

मग नवख्याने सिंथेटिक का घ्यावी? ओलाव्यामुळे. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का ओलावा शोषतं. दव पडलं, तंबूच्या कापडावर जमलेलं पाणी ठिबकलं, बाटलीचं झाकण सैल राहिलं, तरी तंतू आपला ताठपणा बऱ्यापैकी राखतात. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि हवा धरायला काही उरतच नाही. सह्याद्रीतल्या दवाच्या रात्री आणि हिमालयातले तंबू, दोन्हीकडे ओल ठरलेलीच. शिवाय सिंथेटिक बॅग घरी धुता येते, लवकर वाळते, निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि चुका पोटात घालते.

इथे जाहिरातीला थोडा लगाम घालायला हवा. "ओली झाली तरी उबदार" हे वाक्य ऐकून कोणी निष्काळजी राहू नये. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. चिंब भिजलेली सिंथेटिक बॅग गारच लागते. फक्त डाउनइतकी निरुपयोगी होत नाही आणि पिळून, झटकून, उन्हात टाकून पुन्हा कामाला लागते. तेव्हा सॅकमध्ये ठेवताना ती जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला. सॅकवरच्या रेनकव्हरचा भरवसा धरू नका.

चार हजार मीटरच्या वर, स्वतःचं सामान स्वतः वाहत अनेक दिवसांचा ट्रेक करायचा असेल तर डाउनचा विचार करा, तोही शक्यतो भाड्याने. बाकी सगळ्यासाठी सिंथेटिक पुरते.

पायरी ४: बॅग हातात घेऊन तपासा

विकत घ्या किंवा ट्रेक नेणाऱ्यांकडून भाड्याची मिळो, तपासायची तऱ्हा एकच. बॅग पिशवीतून काढा, झटका आणि तासभर पसरून ठेवा. मग तळहाताने दाबून सोडा. चांगली बॅग लगेच वर येते. वापरून वापरून मेलेली बॅग दबलेल्या जागी तशीच पडून राहते.

दुसरी तपासणी टॉर्चची. खोलीत अंधार करा, हेडटॉर्च पेटवून बॅगेच्या आत सरकवा आणि बाहेरून बघा. भरण नीट असेल तिथे उजेड मंद, सारखा दिसतो. जिथे तंतू सरकून जागा पोकळ झाली आहे तिथे पिवळा डाग उठून दिसतो, आणि शिवण आरपार घातली असेल तर त्या रेषेवर उजेडाची ओळ उमटते. या ओळींतून रात्री ऊब बाहेर पडते. बऱ्या बॅगांत भरणाचे थर कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात किंवा दोन थरांच्या शिवणी एकमेकींच्या समोर येऊ दिलेल्या नसतात. पायांचा भाग आणि छाती, या दोन जागा टॉर्चने नीट बघा. पाठीकडचा भाग थोडा विरळ असला तरी चालेल.

आकार ममीचा हवा, खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळता. चौकोनी बॅगेत पाय पसरायला मजा येते, पण ती सगळी रिकामी जागा तापवायची जबाबदारी तुमच्याच अंगावर पडते. त्याच कारणाने उंचीला फार मोठी बॅगही नको. आणि फार घट्टही नको: आत शिरून कूस बदला, गुडघा वाकवा. गुडघ्यापाशी कापड ताणलं जात असेल तर तिथलं भरण रात्रभर दबलेलं राहणार.

मग हुड. दोरी ओढल्यावर तो नाक-तोंडापुरती जागा सोडून बंद झाला पाहिजे. गळ्यापाशी भरलेली जाड पट्टी असेल तर उत्तम. कूस बदलताना भात्यासारखी हवा बाहेर फेकली जाते, ती हिच्यामुळे अडते. चेनच्या मागेही लांब भरलेली पट्टी हवी, नाहीतर दात्यांच्या ओळीतून गार झुळूक थेट बरगड्यांवर येते. चेन आतून आणि बाहेरून, डोळे मिटून, हातमोजे घालून लावून बघा. रनर दर वितीला कापड गिळत असेल तर रात्री दोन वाजता बाहेर जायची वेळ येईल तेव्हा तुम्हाला ती बॅग आठवेल.

भाड्याच्या बॅगेत स्वतःचा लायनर, म्हणजे आतली पातळ कापडी खोळ, घाला. सुती असेल तर स्वच्छतेपुरता उपयोगाचा, फ्लीसचा असेल तर थोडी ऊबही देतो. लायनरवर छापलेले "अधिक १० अंश" वगैरे दावे अर्धेच धरा.

पायरी ५: मॅटशिवाय आकड्याला अर्थ नाही

पुतळा मॅटवर झोपला होता, हे विसरू नका. अंगाखाली आलेलं भरण वजनाने चेपलं जातं आणि जमीन ऊब ओढून घेते. "पाठ गार पडली" अशी तक्रार करणाऱ्याची बॅग बहुतेक वेळा निर्दोष असते.

मॅट किती ऊब अडवते ते आर-व्हॅल्यू या आकड्यात सांगतात. जितका मोठा तितका चांगला. फोमची चांगली कॅरीमॅट २ च्या आसपास असते. सह्याद्रीत ती पुरते. शून्याखाली ४ हवा, बर्फावर ५ किंवा जास्त. हे आकडे एकमेकांत मिसळता येतात, म्हणजे दोन फोम मॅट एकावर एक टाकल्या की बेरीज. ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे आणि कोणी लक्षात घेत नाही. घरातली पातळ योगा मॅट एकटी उपयोगाची नाही, खालचा थर म्हणून चालेल. आणि भरण नसलेली नुसती हवेची गादी थंडीत टाळा: आतली हवा मोकळी फिरते आणि खालची थंडी पाठीपर्यंत पोचवते.

काहीच नसेल तर रिकामी सॅक पायाखाली, दोर आणि रेनकोट कमरेखाली. गडावरच्या गुहेत झोपणाऱ्यांनीही मॅट सोडू नये. वारा अडतो म्हणून फरशीचा गारवा कमी होत नाही.

पायरी ६: झोपायच्या आधीचा तास

तंबूत पोचल्या पोचल्या बॅग मोकळी करून पसरा, म्हणजे जेवण होईपर्यंत ती फुगते. जेवण पोटभर आणि तुपातेलाचं असू द्या. थंडीत रात्री अंगाला सरपण लागतं. ट्रेकवरच्या खिचडीवर घरून आणलेलं तूप ओता, वर शेंगदाण्याची चिक्की किंवा तिळगूळ. डाएट पुण्यात परत आल्यावर.

दिवसभर चाललेले कपडे कोरडे वाटले तरी घामाने दमट असतात. आतला थर आणि मोजे बदला, झोपेसाठीचा जोड वेगळाच ठेवा. मोजे सैल हवेत. दोन घट्ट जोड चढवले की रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय जास्तच गारठतात. कानटोपी घाला. माकडटोपी असेल तर आणखी छान, तंबूत कोण बघतंय.

बॅगेत शिरताना अंग गरम असावं. गारठलेल्या अंगाने शिरलात तर बॅग तो गारठाच जपून ठेवेल. शिरण्याआधी पाच मिनिटं उठाबशा काढा, तंबूभोवती फेऱ्या मारा, घाम येण्याआधी थांबा. शेकोटी असेल तर शेका, पण बॅग गुंडाळून शेकोटीशी बसू नका. वरचं नायलॉनचं कापड एका ठिणगीने वितळतं.

रमचे दोन घोट घेतले की छान गरम वाटतं, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतली ऊब तशीच बाहेर निघून जाते. पहाटे त्याची भरपाई करावी लागते.

गरम पाण्याची बाटली हा माझा सगळ्यात लाडका उपाय. जाड, घट्ट झाकणाची बाटली घ्या, भरून उलटी धरून गळते का बघा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये किंवा पायाशी ठेवा. स्टीलची असेल तर मोजा हवाच, नाहीतर चटका बसेल. बिसलेरीच्या पातळ बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती आक्रसून वेडीवाकडी होते. थर्मासही कामाचा नाही. ऊब आतच ठेवायची, हाच त्याचा धर्म.

पायरी ७: बॅगेत शिरल्यावर

चेन वरपर्यंत, गळ्याची दोरी ओढलेली, हुड डोक्यावर, नाक आणि तोंड मात्र बाहेर. थंडी वाजते म्हणून तोंड आत घेतलं की श्वासातली वाफ भरणात शिरते, आणि बर्फातल्या ट्रेकवर तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत बॅग छातीपाशी ओलसर झालेली असते. नाकाला गार लागत असेल तर त्यावर मफलर सैल टाका. त्याच कारणाने तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवा. पूर्ण बंद तंबू अर्धा-एक अंश जास्त उबदार लागेल, पण आतून पाऊस पाडेल.

"कपडे काढून झोपलं की बॅग जास्त तापते" असं सांगणारा एकजण प्रत्येक ट्रेकवर भेटतो. कोरडे कपडे म्हणजे आणखी एक थर, त्यातून ऊब वाढतेच. फक्त आत दोन जाड जॅकेट कोंबून बॅग आतून ताणू नका. थर्मल आणि फ्लीस अंगात, जाड जॅकेट वरून पांघरा. पाय गार पडत असतील तर त्याच जॅकेटची चेन लावून बॅगेचा पायाकडचा भाग खालून त्याच्या आत सरकवा. बाह्या आत दुमडा. पायांना दुसरा थर मिळाला आणि बॅग तंबूच्या ओल्या कापडाला टेकायची थांबली.

दोन बॅगा एकात एक घालायच्या तर बाहेरची मोठी हवी, म्हणजे आतली दबत नाही. डाउनची एक आणि सिंथेटिकची एक असेल तर सिंथेटिक बाहेर: अंगातून निघालेली वाफ बाहेरच्या गार थरात जाऊन पाणी होते आणि ते पाणी सोसायला पॉलिएस्टर बरं. सह्याद्रीत गाडीने पोचून कॅम्प करणार असाल तर दुसरी बॅग कशाला, घरची गोधडी वरून टाका. फक्त ती दवात येऊ देऊ नका. सुती गोधडी ओली झाली की जड होते आणि दोन दिवस वाळत नाही.

पायरी ८: पहाटे तीनला जाग आली तर

सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या थोडी आधी असते आणि त्याच सुमाराला रात्रीचं जेवण जिरलेलं असतं. अशा वेळी क्रमाने बघा. मॅटवरून घसरला आहात का? चेन उतरली आहे का? लघवीला लागली असेल तर उठा. बाहेर जायच्या आळसाने तास-दोन तास कुडकुडत, चुळबुळत पडण्यापेक्षा दोन मिनिटांत मोकळं होऊन पुन्हा पांघरूण ओढलेलं बरं. परत येऊन चिक्कीचा तुकडा तोंडात टाका. बॅगेतच पडल्या पडल्या मांड्या, पोट, मुठी आवळा-सोडा, शंभरपर्यंत मोजा. तरी हुडहुडी थांबत नसेल तर सोबत्याला उठवा आणि दोघांच्या मॅट चिकटवा.

तंबू बंद करून स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी कधीही, कितीही थंडी असली तरी, पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. जाळी उघडी ठेवली तरी ही जोखीम जात नाही.

थरथरणाऱ्या माणसाचं थरथरणं आपोआप थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, चेन लावता येईना, तो भलतंच बोलू लागला, तर ही साधी थंडी नव्हे. शरीराचं आतलं तापमान उतरू लागलं आहे. लगेच ट्रेक लीडरला उठवा, ओले कपडे काढून कोरड्या थरांत गुंडाळा, टोपी घाला, काखेत आणि छातीशी कापडात गुंडाळलेल्या गरम बाटल्या ठेवा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्या. दारू नको, हातपाय चोळणं नको. खाली नेण्याची आणि डॉक्टरची सोय लगेच सुरू करा.

पायरी ९: सकाळी आणि घरी

उजाडल्यावर बॅग लगेच कोंबून भरू नका. उलटी करा आणि नाश्ता होईपर्यंत तंबूवर किंवा दगडावर उन्हात टाका. भरताना घडी घालून गुंडाळण्यापेक्षा पायाकडून मुठीमुठीने आत ढकला, म्हणजे दर वेळी त्याच जागी मोड येत नाही.

सिंथेटिक बॅगेचं खरं आयुष्य घरी ठरतं. ट्रेकहून आल्यावर ती छोट्या पिशवीत दाबलेली तशीच माळ्यावर किंवा बॉक्स बेडमध्ये गाद्यांखाली पुढच्या डिसेंबरपर्यंत पडून राहते, आणि मग लोक म्हणतात सिंथेटिक टिकत नाही. कापसाची गादी बसली तर पिंजारी ती पुन्हा फुलवून देतो. पॉलिएस्टरचे तंतू एकदा मोडून बसले की त्यांना पिंजारी नाही. बॅग मोठ्या सुती पिशवीत, जुन्या दुलईच्या खोळीत सैल ठेवा किंवा कपाटात टांगा.

धुणं वारंवार नको. मळली, वास यायला लागला की सौम्य साबण घालून, चेन बंद करून, पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये किंवा बादलीत पायाने हलकं तुडवून धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, ड्रायक्लीनिंग नको, इस्त्री तर नाहीच. ओली बॅग एका टोकाला धरून उचलू नका. पाण्याच्या वजनाने भरण शिवणींतून सुटतं. दोन्ही हातांनी खालून धरा, आडवी वाळत घाला आणि मधून मधून झटका.

नीट ठेवलेली बॅगही काही वर्षांनी बसते. तळहाताची आणि टॉर्चची तपासणी दर हिवाळ्याआधी एकदा करा आणि निकाल मनासारखा नसेल तर त्या बॅगेचा कम्फर्ट आकडा स्वतःच पाच अंशांनी वर चढवा. शून्याची बॅग पाचाची झाली, तर ती हिमालयातून निवृत्त होऊन राजमाची, रतनगडावर अजून बरेच हिवाळे चालेल. त्यानंतर चेन पूर्ण उघडून दोघांत एक पांघरूण म्हणून गाडीच्या डिकीत टाका.